माहीमच्या गच्चीवरून दिसलेला हिरवा गोळा

तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मार्चमधल्या शनिवारी रात्री ९.४० च्या सुमारास तुम्ही आणि तुमचे मेव्हणे माहीमला इमारतीच्या गच्चीवर होता. पश्चिमेला, मृग नक्षत्राच्या खाली, एक हिरवट-पांढरा गोळा उजवीकडून डावीकडे तिरका उतरत गेला. शेवटी तो नारिंगी झाला, त्याचे दोन-तीन तुकडे झाले, आणि तो सी-लिंकच्या मागे समुद्रात पडला असं दोघांनाही वाटलं. सगळा खेळ चारेक सेकंदांचा. पाण्याच्या टाकीवर क्षणभर उजेड पडला, पण आवाज आला नाही. हे काय होतं, कुठे पडलं, धोका होता का, आणि कुणाला कळवायचं, असं तुम्ही विचारलंय.

तो अग्निगोल होता. शुक्रापेक्षा, म्हणजे कुठल्याही ग्रहापेक्षा तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि तुमचा तर शुक्राच्या कितीतरी पुढे गेला होता. मुंबईच्या दिव्यांत टाकीवर उजेड जाणवला, यातच काय ते आलं. मात्र तो सी-लिंकच्या मागे पडला नाही. तुम्ही दिलेल्या मापांवरून तो तुमच्यापासून सुमारे २०० किलोमीटर लांब, अरबी समुद्रावर, ४० किलोमीटरच्या आसपास उंचीवर विझला असावा. हे कसं काढलं ते जरा पसरून सांगतो, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आपल्याला अंतर कळतं ते ओळखीच्या वस्तूंमुळे. बस केवढी असते हे माहीत असतं, म्हणून ती लहान दिसली की लांब आहे हे समजतं. काळ्या आकाशात, आकार ठाऊक नसलेला, सरकणारा उजेड दिसला की डोळ्यांकडे मोजायला काहीच उरत नाही. मग मेंदू एकच आडाखा बांधतो: एवढा झगझगीत आहे, म्हणजे जवळ आहे. त्यामुळे प्रत्येक अग्निगोल बघणाऱ्याच्या समोरच्या शेवटच्या इमारतीमागे ‘पडतो’. दादरचा माणूस म्हणतो वरळीला पडला, वरळीचा म्हणतो समुद्रात, आणि पुण्याचा छातीठोकपणे सांगतो की खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरात. तिघांनी पाहिलेली उल्का एकच असते आणि तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतं. म्हणून साक्षीदाराशी बोलताना मी ‘किती लांब होता?’ हा प्रश्न विचारतच नाही. दिशा विचारतो आणि क्षितिजापासूनची उंची विचारतो. डोळा या दोन गोष्टी खरोखर मोजू शकतो.

तुम्ही ते मोजलंत, हे फार बरं केलंत. हात ताठ पुढे धरला की मिटलेल्या मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. तुमच्या मापाप्रमाणे गोळा दिसू लागला तेव्हा क्षितिजापासून अडीच मुठी वर होता, विझला तेव्हा एक मूठ वर, आणि तेवढ्या वेळात आडवा दोन मुठी सरकला. आता यात एक माहिती माझ्याकडची घालतो. अशा उल्का साधारण ९० ते १०० किलोमीटर उंचीवर दिसू लागतात आणि तुमच्यासारख्या तुकडे होणाऱ्या अग्निगोलाचा उजेड बहुधा ५० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यात संपतो. सुरुवात ९० किलोमीटरवर आणि शेवट ४० वर धरू. २५ अंशांवर दिसणारी, ९० किलोमीटर उंच असलेली वस्तू पृथ्वीचा बाक जमेला धरून सुमारे १८५ किलोमीटर लांबच्या जागेच्या डोक्यावर असते. १० अंशांवर दिसणारी, ४० किलोमीटर उंच वस्तू सुमारे २०५ किलोमीटर लांबच्या जागेवर. मधला आडवा प्रवास ६५-७० किलोमीटर, उभा ५०. म्हणजे एकूण ८५ किलोमीटरच्या आसपास, चार सेकंदांत. वेग झाला सेकंदाला सुमारे २१ किलोमीटर.

उंच्या मी गृहीत धरल्यात, त्यामुळे या आकड्यांना दहा-वीस टक्क्यांचं मागेपुढे आहेच, कदाचित थोडं जास्तही. पण जो वेग आला तो बघा. सूर्याभोवती फिरणारा दगड पृथ्वीच्या वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर असतो. किमान वेग पृथ्वीच्या ओढीमुळे ठरतो, कमाल वेग समोरासमोरच्या धडकेमुळे: सूर्यमालेतल्या वस्तूचा आपल्या अंतरावरचा कमाल वेग ४२ आणि पृथ्वीचा स्वतःचा ३०. तुमचे २१ यात आरामात बसतात. मानवनिर्मित कचरा कक्षेतून खाली येताना सेकंदाला जेमतेम ८ किलोमीटरने येतो. तो त्याच जागी, त्याच चार सेकंदांत एक मूठभरसुद्धा सरकला नसता. म्हणून हा रॉकेटचा तुकडा नव्हता, हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

समुद्रात पडल्याचा प्रश्नही इथेच सुटतो. आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे २५ मीटर उंचीवरून, समुद्राचं क्षितिज सुमारे १८ किलोमीटर लांब असतं. सी-लिंक तर त्याच्याही बराच अलीकडे. आणि इतका लहान दगड पाण्यापर्यंत जळत येतच नाही. हवेच्या दाबाने तो घटत, तुटत, मंदावत जातो, आणि वेग सेकंदाला तीन-चार किलोमीटरपर्यंत उतरला की उजेड बंद होतो. काही शिल्लक राहिलंच तर ते पुढे अंधारात, काही मिनिटं, साध्या दगडासारखं खाली येतं. तुम्ही पाहिलेला शेवट हा उजेडाचा शेवट होता. तुमच्या बाबतीत उरलासुरला तुकडा अरबी समुद्राच्या तळाशी असणार आणि तो कुणालाही मिळणार नाही.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो, आणि हे लवकर करा.

आधी दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता, पाहिलं ते कागदावर लिहा. बोललात की दोन आठवणींची एक होते, आणि सहसा ज्याचा आवाज मोठा त्याची खरी ठरते. दोघांची मापं जुळली नाहीत तर जुळवू नका. तफावत तशीच कळवा. ती तफावत किती आहे यावरून चूक केवढी असेल याचा अंदाज येतो. त्यानंतर रात्री त्याच गच्चीवर, त्याच कठड्यापाशी उभे राहा. तारे रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, म्हणजे तीन दिवसांनी ९.२८ ला मृग तिथेच असेल जिथे त्या रात्री ९.४० ला होता. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे आणि डावीकडचा ठळक व्याध एवढे तरी माहीमहून नक्की दिसतात. त्यांच्या संदर्भाने गोळा कुठून निघाला आणि कुठे संपला हे दाखवता आलं तर त्यासारखं माप नाही.

दिशेसाठी फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया, लिफ्टची मशीनरूम, मोबाइलचा टॉवर या सगळ्यांनी सुई वीस-तीस अंशांनी सहज फिरते. त्यापेक्षा दिवसा त्याच जागेवरून फोटो काढा आणि गोळा ज्या इमारतीच्या किंवा खांबाच्या वर विझला त्यावर खूण करा. मग फोनच्या नकाशावर आपली गच्ची आणि ती खूण यांच्यामध्ये रेघ ओढा. ती रेघ उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते शाळेतल्या कोनमापकाने मोजलं तरी चालेल. मुंबईत राहण्याचा खगोलनिरीक्षकाला एवढा एकच फायदा: तारे दिसत नाहीत, पण दिशा सांगायला खुणा मात्र पावलोपावली.

पुढचं काम सीसीटीव्हीचं. तुमच्या सोसायटीचा एखादा कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर आजच सेक्रेटरींना गाठा, कारण जागा भरली की जुनं चित्रण पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. आकाश चौकटीत नसलं तरी चालेल. जमिनीवर सरकणारी सावली किंवा गाडीच्या काचेवरची चमकसुद्धा उपयोगी पडते. आणि हे विसरू नका: त्या यंत्राचं घड्याळ हमखास चुकीचं असतं. चित्रण काढून घेताना यंत्राचा पडदा आणि तुमच्या फोनचं घड्याळ एकाच फोटोत घ्या, म्हणजे किती मिनिटांचा फरक आहे ते कळेल. चित्रण व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ते दाबलं जाऊन त्यातले बारकावे जातात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

हे सगळं कळवायचं कुठे? आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोल नोंदवायचा अर्ज आहे. तो सामान्य माणसासाठीच बनवलाय, चित्रं बघत भरता येतो, आणि एकाच घटनेच्या नोंदी तिथे एकत्र जोडल्या जातात. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आहे, खगोल मंडळ ही हौशी निरीक्षकांची संस्था आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था. त्यांनाही कळवा, कारण दुसऱ्या गावच्या कुणी तोच गोळा पाहिला असेल तर तो त्यांच्या कानावर गेलेला असू शकतो.

आणि सगळा जीव त्या दुसऱ्या गावातच आहे. एका ठिकाणच्या मापावरून मला उंची गृहीत धरावी लागली. दोन ठिकाणांहून दिशा मिळाल्या की गृहीत काही धरावं लागत नाही, दोन रेघा जिथे मिळतात तिथे उल्का. तुमची मापं बरोबर असतील तर हाच गोळा दीव-वेरावळच्या लोकांना दक्षिणेकडे दिसला असणार आणि रत्नागिरीच्या लोकांना वायव्येकडे. पुण्याच्या माणसाला तो पश्चिमेलाच, पण तुमच्यापेक्षा खाली दिसेल, त्यामुळे त्याची साक्ष इथे कमी कामाची. माझ्या मते अशा समुद्रावरच्या अग्निगोलाचे सगळ्यात चांगले साक्षीदार म्हणजे मासेमारीला गेलेले कोळी बांधव. मार्चमध्ये होड्या बाहेर असतात, आसपास दिव्यांचा गोंधळ नसतो, होडीवर जीपीएस असतो, आणि दिशेच्या बाबतीत त्यांना शिकवायला जाणारा शहाणा अजून जन्माला यायचाय. माहीम कोळीवाडा तुमच्या शेजारीच आहे. जाऊन विचारा, ससून डॉकला किंवा वर्सोव्याला ओळख असेल तर तिथेही.

साक्षीदारांकडून शास्त्र घडतं ही माझी हौशी समजूत नव्हे. आकाशातून दगड पडतात हे युरोपातल्या विद्वानांना अठराव्या शतकाच्या शेवटपर्यंत मान्य नव्हतं. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये जुन्या साक्षींच्या आधारे तसं लिहिलं तर त्याची टिंगल झाली. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समध्ये लेग्ल गावाजवळ हजारो दगड पडले आणि बियो या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला चौकशीला पाठवण्यात आलं. तो गावोगाव फिरला, लोकांना भेटला, दगड कुठे कुठे पडले ते नकाशावर मांडलं, आणि वाद मिटला. पुढे ७ एप्रिल १९५९ ला तेव्हाच्या चेकोस्लोवाकियात प्रिब्रामचा अग्निगोल एकाहून अधिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांत सापडला आणि पहिल्यांदाच एखाद्या सापडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केच्या दगडाची, सूर्याभोवतीची कक्षा छायाचित्रांवरून काढता आली. ती मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. पद्धत तीच, जी तुम्हाला वर सांगितली.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक त्याला नको इतकं महत्त्व देतात. हिरवा-निळा रंग बहुतेकदा दगडातल्या मॅग्नेशियमचा, पिवळा सोडियमचा, आणि लालसर छटा तापलेल्या हवेची. शेवटी तुमचा गोळा नारिंगी झाला त्यात वेग उतरल्याचा भाग आहेच, शिवाय क्षितिजालगतच्या धुरक्याचाही. मावळता चंद्रसुद्धा माहीमहून नारिंगीच दिसतो. ‘हिरवा म्हणजे तांब्याचा, म्हणजे रॉकेटचा’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आकाराचं मात्र नवल वाटावं असंच आहे. शुक्राएवढी झळकणारी उल्का लिंबाएवढ्या दगडाचीही असू शकते. तुमचा दगड त्याहून बराच मोठा असणार, पण ट्रकएवढा वगैरे मुळीच नाही. एक किलोचा दगड सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आला तर त्यात २० कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सुमारे ४८ किलो टीएनटी या स्फोटकाएवढी. ती ऊर्जा तीन-चार सेकंदांत हवेत रिती होते. ‘हवेशी घासून पेटला’ असं आपण म्हणतो. खरं तर दगडाच्या पुढ्यात हवा इतक्या जोरात दाबली जाते की तीच हजारो अंशांपर्यंत तापते, आणि त्या तापाने दगडाचा पृष्ठभाग वितळून, वाफ होऊन निघून जातो. आपल्याला दिसतो तो उजेड मुख्यतः त्या वाफेचा आणि तापलेल्या हवेचा.

आवाज का नाही आला? आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. २०० किलोमीटरचे दहा मिनिटांहून जास्त झाले, आणि एवढ्या अंतरात तो बहुतेक विरून जातो. उरला असता तरी माहीमच्या रहदारीत तुम्हाला ऐकू आला नसता. गोळा डोक्यावर असता तर दोन-चार मिनिटांनी लांबून ढग गडगडल्यासारखं ऐकू आलं असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, तेजस्वी अग्निगोल दिसला की लगेच घड्याळ बघा आणि दहा मिनिटं गप्प उभे राहा. आवाज आलाच तर उजेड आणि आवाज यांच्यामधला वेळ सोन्याच्या मोलाचा. काहीजण मात्र सांगतात की उल्का दिसत असतानाच सर्रकन किंवा चरचर असा आवाज आला. याला पूर्वी भास म्हणून उडवून लावायचे. २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की अतितेजस्वी उल्केच्या लुकलुकणाऱ्या उजेडाने केस, पानं, कपडे अशा वस्तू सूक्ष्म प्रमाणात तापून आजूबाजूची हवा हलवू शकतात आणि त्यातून मंद आवाज होऊ शकतो. प्रश्न पुरता मिटला असं मी म्हणणार नाही, पण असा आवाज ऐकलेल्या माणसाला वेड्यात काढू नये.

धोक्याचं म्हणाल तर तुमच्या गोळ्यापासून काडीचाही नव्हता. पण एक गोष्ट मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड ३० किलोमीटर उंचीवर फुटला. दगड डोक्यात पडून कोणी जखमी झालं नाही. झालं असं की झगझगाट बघून लोक खिडक्यांशी धावले, धूर बघत उभे राहिले, आणि दोन-अडीच मिनिटांनी धक्क्याची लाट आली. शहरभर काचा फुटल्या आणि दीड हजारांच्या घरात माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. आपल्याकडे परळ-वरळीला काचेचे मनोरे उभे राहिलेत, ते बघून मला दर वेळी हे आठवतं. खोलीत भरदिवसासारखा उजेड पडला तर खिडकीपासून लांब व्हा आणि काही मिनिटं तिथेच थांबा. अशी घटना कैक दशकांतून एखादी, पण हा नियम पाळायला पैसे पडत नाहीत.

आता रॉकेटचे तुकडे. तुमच्या मेव्हण्यांनी २०२२ ची आठवण काढली, ती योग्यच आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून आकाशात जळत्या ठिपक्यांची एक माळ सावकाश सरकताना दिसली. लोकांना चित्रण करायला भरपूर वेळ मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोलही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो टप्पा होता. त्याची लक्षणं पाठ करून ठेवा: संथ चाल, क्षितिजाला जवळजवळ समांतर मार्ग, अर्धा मिनिट ते मिनिटभर टिकणारा देखावा, आणि एकामागोमाग चालणारे बरेच तुकडे. तुमच्या चार सेकंदांशी याचं काही जुळत नाही. मुंबईत इतर गोंधळही असतात. घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणाऱ्या विमानांचे दिवे पूर्वेला मिनिटभर एका जागी लटकल्यासारखे दिसतात. स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग निघते, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चार-सहा मिनिटं निवांत चालत जातं. यांतलं काहीही चार सेकंदांत संपत नाही, हाच त्यांच्यातला सगळ्यात सोपा फरक.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आता कोणीतरी तुम्हाला चौपाटीवर सापडलेला काळा दगड आणून देईल, म्हणून आधीच लिहितो. महाराष्ट्रात अशनी ओळखणं इतर ठिकाणांपेक्षा अवघड, कारण आपण सगळे काळ्या कातळावर राहतो. ‘चुंबक चिकटला म्हणजे अशनी’ ही कसोटी इथे फसवते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या कातळात, मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकी खनिज असतं, त्यामुळे आपल्या साध्या खडकालाही चुंबक थोडा ओढला जातो. दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील तर तो जवळजवळ नक्की बेसॉल्ट किंवा भट्टीची मळी, म्हणजे धातू गाळून उरलेला गाळ. मुंबईत भराव टाकलेल्या जमिनीत आणि रेल्वेमार्गांच्या कडेला अशी मळी ढिगाने मिळते. ताज्या अशनीवर काजळीसारखा काळा, अंड्याच्या कवचाएवढा पातळ थर असतो, आतला भाग बहुधा करडा आणि भोकं नसलेला, आकारमानाच्या मानाने जड, आणि कडा गुळगुळीत झालेल्या. तो हातात घेतला तर भाजत नाही, कारण वितळतो तो फक्त वरचा थर आणि शेवटची काही मिनिटं दगड थंड हवेतून येतो.

आपल्याकडे अशनी पडतच नाहीत असंही नाही. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. गुजरातेत धजालाला २८ जानेवारी १९७६ च्या रात्री मोठ्या अग्निगोलानंतर कित्येक किलो अशनी मिळाले. राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ ला शेतात पडलेला दगड दुर्मीळ कार्बनी जातीचा निघाला. ताजा दगड मिळालाच तर धुऊ नका, उघड्या हाताने चोळू नका, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळा, पडल्या जागेचा फोटो घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातले अशनी जतन करायचं काम त्यांच्याकडे आहे आणि मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. लोणारचं नाव या गप्पांत हटकून निघतं, पण ते वेगळं प्रकरण. १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पाडायला जो दगड लागतो तो वातावरणाला जुमानत नाही. तुमच्या गोळ्याशी त्याचं नातं फार लांबचं.

पुन्हा कधी दिसेल? अनुभवी निरीक्षकाला काळोख्या जागी साधारण वीस तासांच्या निरीक्षणात शुक्राएवढी एखादी उल्का मिळते असा ढोबळ हिशोब आहे. मुंबईतून तो लावू नका, कारण इथे आकाशाचे निम्मे तुकडे इमारतींनी खाल्लेत. फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी अग्निगोलांचं प्रमाण थोडं वाढतं, तुमचा त्याच हंगामातला. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मध्यापर्यंत वृषभेचा उल्कावर्षाव असतो. संख्येने फुसका, पण अधूनमधून संथ आणि ठसठशीत अग्निगोल देणारा. १३-१४ डिसेंबरचा मिथुनेचा वर्षाव सर्वांत भरवशाचा, तेव्हा हवाही कोरडी असते. ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहाच्या वर्षावाचं युरोपात केवढं कौतुक, आपल्याला त्या रात्री ढगांचा तळ बघायला मिळतो. डिसेंबरमध्ये एक रात्र काढून कर्जतच्या लोकलने वांगणीला किंवा नेरळला जा. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आलेत, नवख्यांना तिथे तारे ओळखायला शिकवणारी माणसं भेटतात.

आणि तुम्हा दोघांना खरोखर चटक लागली असेल तर गच्चीवर कमी उजेडात चालणारा एक सुरक्षा-कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसवा आणि त्याला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडा. ग्लोबल मिटिऑर नेटवर्क नावाच्या जाळ्यात जगभरचे हौशी लोक याच साहित्यावर रोज रात्री उल्कांच्या कक्षा काढतात. मुंबईचं आकाश वाईट असलं तरी अग्निगोलापुरतं पुरेसं आहे, आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहतं. पश्चिम किनाऱ्यावर असे दोन-तीन कॅमेरे शंभरेक किलोमीटरच्या अंतराने लागले तर समुद्रावरच्या पुढच्या गोळ्यासाठी मला उंची गृहीत धरावी लागणार नाही. वायरिंग आणि सेटिंगचं मी सांगू शकतो. सोसायटीच्या कमिटीची परवानगी तेवढी तुम्हाला काढावी लागेल, आणि माझ्या अनुभवात अवघड भाग तोच असतो.